चौथ्या सुनेचं औषध

“लग्नाच्या दिवशीसुद्धा मला कुणी एवढं घासलं नव्हतं,” पत्र्यापलीकडून सासूबाई पुटपुटल्या. “आणि तेव्हा निदान पुढं जेवण तरी होतं.”

आम्हा तिघींच्या न्हाण्या एका ओळीत होत्या, मध्ये नुसता पत्रा. डुकरांच्या शेडमध्ये जायचं तर केसांपासून नखांपर्यंत धुवायचं, घरचे कपडे अलीकडे सोडायचे, पलीकडे टांगलेले निळे झगे चढवायचे, आणि बाहेर येताना पुन्हा तेच. डुकराचं मांस आत न्यायला बंदी होती, चुलीवर धुरवलेल्या सॉसेजचा तुकडासुद्धा चालत नव्हता. वर्ष संपत आलेलं, घरोघरी आढ्याला सॉसेजच्या माळा लटकलेल्या, आणि आम्ही दुपारी वाफवलेला भात आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं खात होतो. सासूबाईंचं म्हणणं, जन्म डुकरांत काढला, एकाही डुकराने माझ्या वासाची तक्रार केली नाही.

“डुकरांचं सोडा हो काकी, तक्रार तुमच्या नातीची आहे,” शेजारच्या गुइलान वहिनी तिसऱ्या न्हाणीतून ओरडल्या. “तिला एवढी डॉक्टर करायला नको होती.”

एरवी मी हसले असते. त्या सकाळी साबण माझ्या हातातून दोनदा निसटला.

आदल्या दिवशी दाराजवळच्या कप्प्यातल्या डुकरिणीने खाणं टाकलं होतं. तिच्या कानांच्या कडा जांभळट दिसत होत्या. सासूबाईंनी दोन्ही कान तळव्यात धरून चोळले आणि म्हणाल्या, कानाला थंडी लागलीय. गुइलान वहिनी म्हणाल्या, थंडीच. मीही म्हटलं, हो, थंडीच. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात ऊन पडलं तर कुत्री भुंकतात, इतकं धुकं असतं, तेव्हा थंडी लागायला काहीच हरकत नव्हती. फक्त डुकराच्या कानाला ती लागलेली आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नव्हती. एकदाच तसा कान पाहिला होता, आणि ती थंडी नव्हती.

त्या वर्षी याया नुकती शाळेत जायला लागली होती. याया म्हणजे थोरल्या दिरांची मुलगी, हीच आता डॉक्टर झालेली. थोरल्या दिरांच्या गोठ्यातल्या डुकरिणी आधी गाभडल्या, मग त्यांचे कान निळे पडले, मग त्या मेल्या. जिल्ह्याहून माणसं आली आणि उरलेली सगळी त्यांनी टेकडीमागच्या खड्ड्यात लोटली, वर चुना, वर माती. घाईत होते ते. मातीखालून बराच वेळ आवाज येत राहिला. याया माझ्या कमरेला घट्ट धरून विचारत होती, काकू, आत कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही गं.

पुढच्या महिन्यात थोरले दीर समुद्राकाठच्या शहरात कारखान्यात गेले. त्यांच्यामागून बाकीचे, माझे यजमानही. आता सगळे वर्षअखेरीला येतात, जेवतात, पत्ते कुटतात आणि जातात. त्या आजाराचं नाव मात्र आमच्या वस्तीत कुणी घेत नाही, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तर नाहीच. त्या महिन्यात बोललेलं अभद्र पुढच्या वर्षाला चिकटतं. एखादं पोर बोललंच तर आजी त्याचं तोंड शौचाच्या खरखरीत कागदाने पुसते, म्हणजे ते तोंड नव्हतंच, ते नुसतं बूड, असं देवाला वाटावं.

यायाने मात्र त्याच नावाचा पिच्छा धरला होता. प्रांताच्या राजधानीत शिकली, तिथल्याच संस्थेत लागली, आणि या हिवाळ्याच्या सुरुवातीला स्वतःचं औषध घेऊन आमच्या टेकडीवर आली. वस्तीतल्या घराघरांतून एकेक गाभण डुकरीण मागून घेतली. लोकांनी दिली, कारण मागणारी मुलगी घरची होती.

औषध काय आहे ते तिने मला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. मी शिकलेली नाही, मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवर वाचायला शिकले, म्हणून मला ती चुलीच्या भाषेत सांगते. म्हणाली, काकू, समज, हा विषाणू म्हणजे एक आगंतुक पाहुणा, तुझ्या स्वयंपाकघरात घुसलेला. तो स्वतः काही रांधत नाही. तो नुसता हुकूम सोडतो, माझ्यासारखे शंभर पाहुणे रांधा. आणि तुझी चूल मुकाट ते रांधत बसते. तो हुकूम म्हणजे एक बारीक धागा असतो, आरएनए म्हणतात त्याला. आमचं औषध म्हणजे त्याच धाग्याच्या जोडीचा दुसरा धागा, अगदी आखूड. पेशीच्या घरात एक पहारेकरी असतोच, तो हा आखूड तुकडा हातात धरून हिंडतो, आणि याच्याशी जुळणारा हुकूम दिसला की तिथल्या तिथे कापतो. हुकूम चुलीपर्यंत पोचतच नाही.

मी विचारलं, मग पाहुणा?

“पाहुणा बसतो उपाशी,” ती म्हणाली. तेव्हा ती हसत होती.

ते औषध नाकात फवारायचं होतं. बर्फाने भरलेल्या खोक्यातून कुप्या यायच्या. ती आत आली तर आमच्याहून दुप्पट धुऊन यायची, पण बहुतेक वेळ शेडच्या टोकाला काचेच्या खोलीत असायची, रक्ताचे नमुने तपासत. आम्हाला तिने एवढंच बजावलं होतं, खोकं बंद ठेवा, गार ठेवा. संस्थेतल्या माणसांना ती कदाचित आणखी काही सांगत असेल. आजीला आणि काकूला कोण कारणं सांगत बसतं? गार ठेवा म्हटलं की आम्ही गार ठेवणार.

फवारताना जनावर स्थिर उभं राहायला हवं, आणि ते काम सासूबाईंशिवाय कुणाला जमत नव्हतं. त्या डुकरिणीच्या पोटाखाली हात घालून खाजवायच्या, कानात शिव्या द्यायच्या, आणि ती एवढी थोरली जनावरं डोळे मिटून उभी राहायची. आमच्या घरची डुकरीण शेवटच्या कप्प्यात होती. सासूबाईंना तीन मुलगे, म्हणून तीन सुना, आणि हिचं नाव त्यांनी ठेवलं होतं चौथी सून. “चौघींत हीच काय ती माझं ऐकते,” असं त्या माझ्यादेखत तिला सांगायच्या. शेडमध्ये आल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी चौथ्या सुनेसाठी औषधाची कुपी खोक्यातून काढली, बोटांना चटका बसावा तशी हातातून हातात घेतली, आणि बर्फासारखी गार आहे गं ही, म्हणत थर्मासातल्या गरम पाण्याने अर्ध्या भरलेल्या एनॅमलच्या पेल्यात सोडली.

मी पाहिलं. गुइलान वहिनींनीही पाहिलं.

कुणीच काही म्हटलं नाही, कारण आमच्या डोळ्यांना त्यात वावगं काही दिसलंच नाही. पोटुशी बाई, किंवा नुकती बाळंतीण, तिच्या अंगात गार काही जाता कामा नये, हे आमच्याकडे दुधाच्या दाताबरोबर कळतं. माझं बाळंतपण हिवाळ्यात झालं होतं. महिनाभर मला प्यायला, हात धुवायला, चूळ भरायला सासूबाई स्वतः पाणी कोमट करून आणायच्या, मनगटावर थेंब टाकून बघायच्या. त्यापूर्वी आणि त्यानंतर त्यांनी मला गोड शब्द दिल्याचं आठवत नाही, पण ते पाणी आठवतं. पेल्यात तरंगणारी ती कुपी पाहून मला तेच पाणी आठवलं. मग सासूबाई सगळ्याच गाभण डुकरिणींचं औषध तसं कोमट करू लागल्या, कुपीचं बूच काढून, बोटाने थेंब चाखून सुद्धा. पलीकडच्या ओळीत डुकरांची मोठी होत आलेली पोरं होती, नर आणि अजून गाभण न राहिलेल्या माद्या. त्यांना कसलं बाळंतपण? त्यांना गुइलान वहिनी खोक्यातून काढून तसंच गारेगार फवारून मोकळ्या व्हायच्या.

तर त्या सकाळी आम्ही धुऊन आत गेलो.

दाराजवळची डुकरीण आडवी पडली होती. तिच्या मागे ओलं काहीतरी होतं. मी जवळ गेले नाही, पण ते काय आहे ते मला लांबूनच कळलं. पिल्लं दिवस भरायच्या आधी पडली होती, केस नसलेली, मेणासारखी. दुसऱ्या कप्प्यातली धापा टाकत होती. तिसऱ्यातलीचे कान कडेपासून मुळापर्यंत जांभळ्या वांग्यासारखे झाले होते. शेडमध्ये पंखा घरघरत होता, आणि त्या घरघरीखाली मला दुसराच आवाज येऊ लागला, मातीखालचा. मी कान झाकले. पंखाच तो, असं स्वतःला सांगितलं. काही केल्या तो पंखा वाटेना.

“फार थंडी पडलीय यंदा,” गुइलान वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता.

सासूबाई वळल्या. त्या सरळ टोकाला गेल्या. चौथी सून उभी होती, तोंड कुंडात. तिचे कान गुलाबी होते. तिच्या अलीकडच्या काही कप्प्यांतल्याही अजून धड होत्या. आजार दाराकडून आत सरकत होता, कप्प्यामागून कप्पा, कुणीतरी दार ठोठावत घरोघर जावं तसा.

मी वळून पलीकडची ओळ पाहिली. तिथली पोरं एकमेकांना ढुशा मारत खात होती. तीही दारालाच लागून होती, तीच हवा, तेच पाणी. कान बघावे तर सगळे कोवळ्या गुलाबी मुळ्यासारखे. मी एकेकाचा कान पाहत शेवटच्या पोरापर्यंत गेले. मला काय सुचत होतं ते मला नको होतं. मी मान वळवली तर खिडकीच्या कट्ट्यावर तो पेला. पांढरा, कडेला टवका उडालेला. गुइलान वहिनीही त्याच्याकडेच बघत होत्या. आमची नजर एक झाली आणि दोघींनीही ती काढून घेतली.

याया आत आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि ओठ पांढरे. ती दाराजवळच्या डुकरिणीपाशी गुडघे टेकून बसली. बराच वेळ तिने कानाला हात लावला नाही. मग उठून एकेक कप्पा पाहत गेली, मग पोरांची ओळ. ती बावळट नाही. जे मला दिसलं ते तिला माझ्याआधी दिसलं होतं. ती थांबली, मागे आली, पुन्हा पाहिलं.

“पोरांना लागू पडलंय,” ती शेवटी म्हणाली. “आयांनाच तेवढं नाही.”

मग ती बोलत राहिली, आमच्याशी नव्हे, हवेशी. गाभणपणात शरीर बदलतं. कदाचित धागा टिकत नसेल. कदाचित पहारेकरीच झोपत असेल. तिने सगळं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं, विषाणूने वेष बदललाय का तेही पाहिलं होतं, बदललेला नव्हता. म्हणजे खोट औषधात. आणि आयांना न वाचवणारं औषध काय कामाचं, तो आजार आयांमधूनच तर पसरतो.

आम्ही तिघी तिच्यासमोर उभ्या होतो. गुइलान वहिनी झग्याच्या बाहीचा दोरा ओढत होत्या. सासूबाई चौथ्या सुनेच्या पाठीवर हात ठेवून होत्या.

यायाने पुढचं अगदी हळू सांगितलं. तिने जिल्ह्याला कळवलं होतं, कळवावंच लागतं. दुपारी माणसं येणार. आयांची ओळ सगळी जाईल, धडधाकट असल्या तरी, कारण औषधाचा आधार नसेल तर त्या आज ना उद्या पडणारच, आणि तोवर टेकडीखालच्या वस्तीत पसरवतील. या वेळी मातीखाली आवाज येणार नाही, ते मी बघेन, असं म्हणाली, आणि तिची हनुवटी लहानपणी व्हायची तशी हलली. मग संस्थेला लिहून द्यायचं की औषध फसलं. आज सकाळी आलेलं नवं खोकं तिच्या पायाशी होतं, बर्फाचा घाम सुटलेलं. ते मोरीत ओतायचं.

“औषध खरं असतं तर टोकाच्या वाचल्या असत्या,” ती म्हणाली. “अजून आत शिरलेला नाही तो तिथं. आज एक फवारा पुरला असता. चौथी सून वाचली असती, आजी.”

हे ऐकलं आणि मला वाटलं, आता बोललं पाहिजे. तोंड उघडलं. पण काय बोलणार? की पोरी, तुझ्या आजीने? जिने तुला आईबाप शहरात असताना वाढवलं, तिने तुझी इतक्या वर्षांची मेहनत एका पेल्यात बुडवली? आणि वस्तीतली माणसं, ज्यांच्या डुकरिणी इथे आहेत, ती उद्या म्हातारीच्या दाराशी येऊन काय बोलतील? आणि आम्ही दोघी बघत होतो हे कोण सांगणार? मी सासूबाईंकडे पाहिलं. तीस वर्षं मी या बाईला भीत आले आहे, तिच्या भुवईला, तिच्या खाकरण्याला. त्या क्षणी पहिल्यांदा मला दिसलं की तीही घाबरलेली आहे. तिने चौथ्या सुनेच्या पाठीवरचे केस मुठीत घट्ट धरले होते आणि ते जनावर समजुतीने निश्चल उभं होतं.

“याया,” मी म्हटलं, “औषध... गरमी सोसतं का गं?”

“गरमी?” ती म्हणाली. “काकू, ते हाताच्या उबेनेसुद्धा विरतं. बोट लागलं, थुंकी लागली, संपलं. म्हणून तर बर्फ.” आणि मग, ती शहाणी आहे म्हणून, तिने विचारलं, “का?”

गुइलान वहिनी घाईघाईने म्हणाल्या, काही नाही गं, ही आपली उगाच, थंडीचं बोलत होतो ना आम्ही, कानाला थंडी लागते म्हणून. यायाने आमच्या तिघींच्या तोंडांकडे पाहिलं. मग ती वाकली, खोकं उचललं आणि मोरीकडे निघाली. तिने झाकणाची एक कडी काढली. दुसरी काढली.

“थंडी नाही लागलेली,” सासूबाई म्हणाल्या.

याया थांबली.

“निळा कान आहे तो. तुझ्या बापाची डुकरं ज्याने खाल्ली तोच.”

गुइलान वहिनींचा हात आपोआप झग्याच्या खिशात गेला आणि कागद घेऊन बाहेर आला. त्यांनी तो म्हातारीच्या तोंडाशी नेला. वर्षाचा शेवटचा महिना होता. सासूबाईंनी तो हात बाजूला केला.

“पुसू नको. अजून बोलायचंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी कट्ट्यावरचा पेला उचलला आणि नातीपुढे धरला, तळाशी कालचं पाणी होतं. “पोटात पिल्लं असलेल्यांना गार कसं द्यायचं, म्हणून मी यात गरम करून देत होते, रोजच्या रोज. चाखून. या दोघींनी पाहिलंय, त्या माझ्या भीतीने गप्प आहेत. तुझं औषध फसलेलं नाही, याया, ते आयांना मिळालंच नाही. आता झाकण लाव आणि ते तुझ्या हाताने दे चौथ्या सुनेला. गारच दे.”